विंडोज १० वरून ११ वर जायचंय, पण जुनं डीटीपीचं काम चालेल का?

पत्रिका_सांगली:
नमस्कार मंडळी, माझं सांगलीत छोटं डीटीपी सेंटर आहे, लग्नपत्रिका, हँडबिलं, संस्थांचे अहवाल असं काम करते. कॉम्प्युटर आय५ ८४००, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क, विंडोज १० चं ६४ बिट. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून धाकधूक आहे कारण गिऱ्हाईकांचे पेनड्राइव्ह दिवसभर याच मशीनला लागतात. अपग्रेड करायला गेले तर 'टीपीएम २.० नाही' असं येतंय. दुकानदार म्हणतो मशीन जुनं झालं, नवीनच घ्या. पण माझं सगळं काम पेजमेकर ७ या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, मराठी फॉन्ट जुने, युनिकोड नसलेले, आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर यूएसबी डाँगलवर (पेनड्राइव्हसारखी लायसन्सची किल्ली) चालतं. ते बंद पडलं तर ऐन लग्नसराईत दुकान बंद. काय करू?

मदरबोर्डवाला:
ताई नवीन मशीन अजिबात घेऊ नका. आय५ ८४०० आठव्या पिढीचा आहे आणि ११ च्या यादीत इंटेलचे प्रोसेसर बहुतेक तिथूनच सुरू होतात, म्हणजे तुमचा बसतो. टीपीएम म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग, त्याची वेगळी चिप नसली तरी चालतं, ते प्रोसेसरमध्येच असतं, इंटेलवाले त्याला पीटीटी म्हणतात, फक्त त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग्ज) ते बंदच ठेवलेलं असायचं. चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा, सिक्युरिटी किंवा अॅडव्हान्स्डमध्ये पीटीटी सापडेल, एनेबल करून सेव्ह करा. मग विंडोजमध्ये रन उघडून टीपीएम डॉट एमएससी टाका, खाली स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० दिसलं की ते काम झालं.

दुसरी गोष्ट, डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क ० वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, त्यात व्हॉल्यूम्समध्ये बघा एमबीआर आहे का जीपीटी, म्हणजे डिस्कचे भाग नोंदवायची जुनी पद्धत का नवी. एमबीआर असेल तर मशीन जुन्या लेगसी पद्धतीने बूट होतंय, ११ ला यूईएफआय ही बूट व्हायची नवी पद्धत लागते. फॉरमॅट मारायची गरज नाही, विंडोजमध्येच एमबीआर टू जीपीटी नावाचं टूल आहे, डेटा न उडवता डिस्क बदलतं. आधी व्हॅलिडेट करून बघा, पास झालं तरच कन्व्हर्ट, आणि त्यानंतर विंडोज चालू व्हायच्या आधी बायोसमध्ये सीएसएम (लेगसी बूटची सोय) बंद करा नाहीतर बूटच होणार नाही.

जुनाफॉन्ट:
वरचं सगळं बरोबर आहे पण ताईंची खरी अडचण डाँगलची आहे, तिकडे आधी बघा. फॉन्टची काळजी नको, वरून अपग्रेड केलं तर फॉन्ट जागेवर राहतात, तरी फॉन्ट्सचा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवाच कारण त्यातले कित्येक फॉन्ट आता शोधून मिळत नाहीत. डाँगलचा ड्रायव्हर मात्र जुना असतो आणि ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी हे सुरक्षेचं सेटिंग चालू असलं तर असे जुने ड्रायव्हर अडकतात. टायपिंग सॉफ्टवेअरवाल्यांना फोन करून ११ साठीचा ड्रायव्हर मागा, तो हातात आल्याशिवाय मशीनला हात लावू नका.

आणि मी काय करेन सांगतो, एक एसएसडी घ्या, सी ड्राइव्ह त्यावर क्लोन (हुबेहूब कॉपी) करा, जुनी हार्डडिस्क वायर काढून बाजूला ठेवा आणि सगळे प्रयोग, ते जीपीटीचं सुद्धा, एसएसडीवरच करा. काही बिघडलं तर जुनी डिस्क लावायची, सीएसएम परत ऑन करायचं, दुकान होतं तसं सुरू. अपग्रेडनंतर सेटिंग्जमध्ये 'गो बॅक' मिळतं पण ते फक्त १० दिवस, तेवढ्यात तुमची प्रत्येक प्रकारची फाइल उघडून, प्रिंट काढून बघून होईलच असं नाही.

निवांत_नाशिक:
सीझन चालू असेल तर घाई कशाला? ईएसयूमध्ये, म्हणजे विंडोज १० च्या वाढीव सिक्युरिटी अपडेटच्या योजनेत नाव घाला, सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरच 'एनरोल' येतं. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप सिंक केला तर पैसेही पडत नाहीत. फक्त विंडोज १० चं २२एच२ व्हर्जन हवं.

पत्रिका_सांगली:
सगळ्यांचे मनापासून आभार, खूप धीर आला. पीटीटी सापडलं, एनेबल केलं, आता २.० दिसतंय! डिस्क एमबीआरच निघाली. ईएसयूला नाव घातलं, डाँगलवाल्यांना मेल केलाय, उत्तर आलं की लग्नसराई आटोपल्यावर एसएसडीवर करून बघेन. सी ड्राइव्हमध्ये साधारण १४० जीबी भरलेलं आहे, २५६ ची पुरेल का ५०० ची घेऊ?

जुनाफॉन्ट:
५०० ची घ्या ताई, अपग्रेड झालं की जुनं विंडोज पण काही दिवस त्याच ड्राइव्हवर जागा अडवून बसतं. आणि क्लोन करायच्या आधी चालू कामांच्या फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या.