शब्दचर्चा: बेंचमार्किंग, संरेखन आणि ‘व्यावसायिक रणनीती’

दप्तरी
आमच्या नागरी सहकारी बँकेच्या संचालक मंडळापुढे एक टिपण जायचं आहे. सल्लागारांच्या मसुद्याचं मराठी असं झालंय: ‘बँकेच्या माहिती तंत्रज्ञान सेवांचे मापदंडन करून त्यांचे व्यावसायिक रणनीतीशी संरेखन साधणे.’ मंडळावर ऊस बागायतदार आहेत, किराणा व्यापारी आहेत, निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. व्यवहार सगळ्यांना उत्तम कळतो, पण हे वाक्य वाचून कुणी एकही प्रश्न विचारणार नाही, आणि मला तीच काळजी आहे. यावर खर्च होणार आहे, तेव्हा प्रश्न आले पाहिजेत. बेंचमार्किंग, अलाइनमेंट आणि बिझनेस स्ट्रॅटेजी, तिन्हींना पर्याय सुचवा.

जुनीवही
बेंचमार्क या नामासाठी ‘मापदंड’ चांगला रुळलाय, तो राहू द्या. ‘मापदंडन’ मात्र कुणाच्याच तोंडी नाही. ‘मापदंड ठरवणे’ म्हणा. ‘निकष’ किंवा ‘कसोटी’ इथे घेऊ नका. दोन्ही मुळात सोनाराच्या काळ्या दगडाचे शब्द. वस्तू कसाला उतरली की नाही, एवढंच ते सांगतात. तुमच्या टिपणात उतरण्या-न उतरण्याचा प्रश्न दिसत नाही.

लेव्हलवाला
बेंचमार्क हा मूळ शब्द आमच्या, म्हणजे जमीनमोजणीच्या धंद्यातला, म्हणून लिहितो. सर्वेक्षक दगडात छिन्नीने आडवी खाच पाडायचे, तिच्यात लोखंडी कोनपट्टी बसवायचे आणि त्या ‘बेंच’वर स्टाफ, म्हणजे उंची मोजायची पट्टी, उभा करायचे. पुन्हा कधीही मोजायला आलं तरी स्टाफ नेमका त्याच उंचीवर टेकला पाहिजे, यासाठी ती खूण. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जीटीएस बीएमचे (ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हेच्या बेंचमार्कचे) दगड अजून कित्येक ठिकाणी सापडतात. मुंबईत उंची ज्या पातळीपासून धरतात ती टाउन हॉल डेटम. हा टाउन हॉल १८३३ साली पुरा झाला, आजची एशियाटिक सोसायटीची इमारत. तुळशी तलाव १३९.१७ मीटरला भरून वाहतो असं महापालिका सांगते, ती उंची या डेटमपासूनची.

साइटवर बीएम चुकला की पुढचे सगळे आरएल, म्हणजे त्याच्यावरून काढलेल्या उंच्या, चुकतात. पण बीएम हे गाठायचं ठिकाण नसतं. आपण त्याच्या किती वर आणि किती खाली आहोत, हे कळायला तो असतो. टाकीचा तळ बीएमच्या वर हवा की खाली, हे टाकी कशासाठी बांधतोय त्यावर ठरतं.

सर्व्हररूम
दप्तरी, लेव्हलवाल्यांचा शेवटचा परिच्छेद तुमच्या टिपणात जवळजवळ जसाच्या तसा घ्या. मी सहकारी बँकांच्या आयटीतच काम करतो, आणि गोंधळ नेमका इथेच होताना पाहतो.

‘मापदंड ठरवणे’ मला अपुरं वाटतं. मापदंड आपण एकटे बसूनही ठरवू शकतो. बेंचमार्किंगमध्ये दुसरा कुणीतरी लागतोच. व्यवस्थापनात हा शब्द झेरॉक्स कंपनीमुळे रुळला. १९७९ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला यंत्र बनवायला जेवढा खर्च येतो, तेवढ्या किमतीत जपानी कंपन्या यंत्र विकतायत. मग त्यांनी जपानमधल्या आपल्याच भागीदार कंपनीशी, फुजी झेरॉक्सशी, एकेक काम ताडून पाहिलं. पुढे गोदामातून माल काढण्याच्या कामासाठी ते एल.एल. बीनकडे गेले, म्हणजे टपालाने कपडे आणि बूट विकणाऱ्या दुकानाकडे. धंदा वेगळा, पण गोदामातलं काम तेच आणि बीनचं जास्त चोख. ते कसं करतात हे त्यांनी पाहिलं. म्हणून मी क्रियेसाठी ‘ताडून पाहणे’ म्हणेन. हिशेब ताडून पाहतो, वजन ताडून पाहतो, हे आपल्या रोजच्या बोलण्यातलं आहे.

आता ताडायचं कुणाशी? डिसेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट आणली, तेव्हा बँकांच्या चार पातळ्या केल्या. बँक कोणत्या डिजिटल सेवा देते आणि पेमेंट यंत्रणांशी किती खोल जोडलेली आहे, यावर त्या पातळ्या ठरतात. तुमच्याच पातळीवरच्या, तुमच्यासारखेच ग्राहक असलेल्या दोन-तीन बँका घ्या. मुंबईतल्या मोठ्या खाजगी बँकेशी आकडे लावलेत तर टिपण भारदस्त दिसेल, उपयोग काही नाही.

आणि ताडायचं काय? सल्लागार बहुधा ‘अपटाइम (यंत्रणा चालू असण्याची वेळ) ९९.५ टक्के’ असा तक्ता देतील. तीस दिवसांच्या महिन्यात अर्धा टक्का म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. एका बँकेत (नाव नको) ही सगळी बंद वेळ ऊसबिलं जमा झाली त्याच दिवशी, सकाळी अकराच्या पुढे आली. शाखेच्या पायऱ्यांपर्यंत रांग, कॅशियरच्या स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय, आणि मॅनेजर एकेकाला ‘उद्या या’ म्हणतायत. महिन्याच्या अहवालात मात्र ९९.५, हिरव्या रंगात. दुसऱ्या बँकेत हेच साडेतीन तास रविवारी पहाटे गेले असते तर कुणाला कळलंही नसतं. ताडून पाहिलं असतं तर दोघी सारख्याच ठरल्या असत्या. त्या बँकेची सारी भिस्त ऊस उत्पादकांच्या ठेवींवर होती, तेव्हा ऊसबिलाच्या दिवसांची उपलब्धता वेगळी मोजायला हवी होती. ‘अलाइनमेंट’ म्हणतात ती हीच. ती बेंचमार्किंगनंतर येत नाही, काय मोजायचं हे ठरवतानाच यावी लागते. तुमच्या मसुद्यातला ‘करून’ हा शब्द क्रम उलटा लावतोय. माझा खरा आक्षेप त्यावर आहे, मापदंडनापेक्षाही जास्त.

युपीआयचे आकडे कसे दिले जातात तेही पाहा. युपीआय चालवणारी एनपीसीआय बँकवार महिन्याचे आकडे प्रसिद्ध करते, त्यात फसलेले व्यवहार दोन गटांत टाकते. यंत्रणा कोलमडली ते टेक्निकल डिक्लाइन. ग्राहकाने पिन चुकवला किंवा खात्यात पैसे नव्हते, ते बिझनेस डिक्लाइन. दोन्ही एकत्र केले असते तर कुणाचं आयटी कमकुवत आहे, ते कधीच कळलं नसतं.

जुनीवही
‘ताडून पाहणे’ मान्य. नाम हवं असेल तर ‘तुलनात्मक मोजणी’ घ्या. मापदंड हा शब्द ज्या आकड्याशी ताडलं त्याच्यासाठी शिल्लक राहील.

सीनाकाठ
संरेखनाबद्दल कुणीच बोललं नाही. ते चाकांच्या अलाइनमेंटला ठीक आहे. इथे ‘सांगड घालणे’ घ्या. पूर आलेली नदी ओलांडायला भोपळे किंवा दोन होड्या एकमेकींना बांधायचे, ती सांगड. बांधल्यावर एकीला एका तीरावर आणि दुसरीला दुसऱ्या तीरावर जाता येत नाही. आयटी आणि धंदा यांचं हेच म्हणायचं आहे ना?

सर्व्हररूम
अगदी. अलाइनमेंटची जी मांडणी पुढे सगळीकडे गेली, ती हेंडरसन आणि वेंकटरामन या व्यवस्थापन-अभ्यासकांची, १९९३ ची. तीही एकतर्फी नाही. धंद्याने सांगायचं आणि आयटीने ऐकायचं, एवढंच तिच्यात नाही. नवं तंत्र हाताशी आल्यामुळे धंद्याचीच दिशा बदलते, हेही तिने धरलंय. ‘संरेखन’मध्ये एक रेघ आधीच मारलेली असते आणि दुसरीने तिच्याशी जुळायचं असतं. सांगडीत दोन्ही बाजू येतात.

दप्तरी
मग स्ट्रॅटेजीला ‘धोरण’ चालेल?

सीनाकाठ
नको. बँकेत ‘आयटी धोरण’ म्हटलं की पासवर्ड किती अक्षरी आणि पेनड्राइव्ह लावायचा की नाही, त्याचं पत्रक आठवतं. ते पॉलिसीचं मराठी झालंय. ‘रणनीती’त समोर शत्रू लागतो, तुमच्या बँकेपुढे कोण उभा आहे? मी सरळ ‘पुढच्या पाच वर्षांत बँकेला काय करायचं आहे’ असं लिहिलं असतं. शब्द वाढतील, वाढू द्या.

जुनीवही
एका शब्दाच्या जागी सात शब्द मला पटत नाहीत. ठरावात ‘व्यवसायाची दिशा’ पुरे.

सर्व्हररूम
जुनीवही, दिशा ठीक आहे, पण टिपणात ती कोणती हे आलंच पाहिजे. नाहीतर ‘व्यवसायाची दिशा’सुद्धा ‘रणनीती’इतकीच पोकळ राहील. आणि यंत्रणा पडणं हा आयटी विभागाचा अंतर्गत मामला आहे असं मंडळाला वाटू देऊ नका. वारंवार सेवा बंद पडल्यामुळे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेला नवे डिजिटल उपक्रम आणि नवी क्रेडिट कार्डं थांबवायला लावली. कार्डांवरची बंदी ऑगस्ट २०२१ मध्ये उठली, उरलेली मार्च २०२२ मध्ये. ऑगस्टपर्यंतचे आठ महिने देशातल्या सर्वांत मोठ्या खाजगी बँकेला नवा क्रेडिट कार्ड ग्राहक घेता आला नाही. धंद्याची दिशाच अडली होती.

दप्तरी
सगळ्यांचे आभार. आता असं लिहिलंय:

‘येत्या पाच वर्षांत ऊस उत्पादकांच्या ठेवी टिकवणे आणि छोट्या व्यापाऱ्यांना लवकर कर्ज देणे, ही बँकेची दिशा आहे. आयटी सेवांची तिच्याशी सांगड घालण्यासाठी ऊसबिलाच्या दिवसांतील सेवांची उपलब्धता आणि कर्ज-अर्ज मंजुरीस लागणारा वेळ, या दोन बाबी आपल्यासारख्या अन्य नागरी सहकारी बँकांशी ताडून पाहाव्यात.’

लेव्हलवाला
‘आपल्यासारख्या’च्या जागी बँकांची नावं घाला, त्यांची संमती घेऊन. बीएम कुठला घेतला ते लिहिलं नसेल तर आरएलला अर्थ नसतो.

दप्तरी
बरोबर. दोन बँकांना उद्याच पत्र टाकते.