मदत हवी आहे: घरची कोल्ड कॉफी पाणचट होते आणि वर पांढरे कण तरंगतात

लेक सुट्टीला घरी आली आहे. बेंगळुरूला हॉस्टेलवर राहून तिला फिल्टर कॉफीची चव लागली, आणि इथे नागपुरात मे महिन्यात गरम कॉफी घशाखाली उतरत नाही. म्हणून आठ दिवस झाले, रोज दुपारी तिच्यासाठी कोल्ड कॉफी करते आहे. एकदाही मनासारखी झाली नाही. ती काही बोलत नाही, निमूट पिते, त्याचंच जास्त वाईट वाटतं.

मी असं करते: स्टीलच्या फिल्टरमध्ये तीन मोठे चमचे पावडर (70 टक्के कॉफी, 30 टक्के चिकोरी), त्यावर उकळतं पाणी. साधारण 150 मिली डिकॉक्शन निघतं. ते गरम गरमच ग्लासभर बर्फावर ओतते, मग थंड दूध आणि दोन चमचे साखर. दूध गवळ्याकडचं, म्हशीचं, तापवून फ्रीजमध्ये ठेवलेलं.

कॉफी पाणचट होते. पावडर वाढवली तर नुसती कडू लागते. साखर तळाशी बसते. हे सगळं मिक्सरमधून फिरवलं तर फेस छान येतो, पण वर पांढरे कण तरंगतात आणि टाळूला चिकटतात. दूध नासलं असं वाटून दोनदा अख्खा जार ओतून दिला. इन्स्टंट पावडर सुचवू नका, तिला फिल्टरचीच चव हवी आहे. माझं नेमकं कुठे चुकतंय?

प्रतिसाद 1

ताई, आधी दूध ओतून देणं थांबवा! ते नासलेलं नाही, ते लोणी आहे. तापवलेल्या म्हशीच्या दुधावर जाड साय येते. तुम्ही तेच थंडगार दूध मिक्सरमध्ये बर्फाबरोबर फिरवता. रवीने ताक घुसळताना गार पाणी घातलं की लोणी कसं वर येतं, तसंच हे. साय पूर्ण काढा, दूध गाळून घ्या आणि मिक्सर पंधरा-वीस सेकंदांच्या वर चालवू नका. तरी कण आलेच तर पिशवीतलं टोन्ड दूध वापरून बघा. त्यात स्निग्धांश 3 टक्के असतो, म्हशीच्या दुधात त्याच्या दुपटीच्या आसपास.

प्रतिसाद 2

पाणचटपणाचा हिशेब मांडतो, म्हणजे कारण लक्षात येईल. 150 मिली डिकॉक्शन 85 अंशांवरून 5 अंशांवर आणायचं म्हणजे 12,000 कॅलरी उष्णता काढायची. एक ग्रॅम बर्फ वितळताना 80 कॅलरी शोषतो आणि त्याचं पाणी 5 अंशांपर्यंत येताना आणखी 5. म्हणजे जवळपास 140 ग्रॅम बर्फ वितळणार. कॉफी जितकी, जवळपास तितकंच पाणी तुम्ही त्यात घालता आहात! त्यात पावडर वाढवून उपयोग नाही.

डिकॉक्शन सकाळीच काढा. परातीत गार पाणी घालून त्यात भांडं ठेवा, निवलं की झाकून फ्रीजमध्ये. दुपारी तेच डिकॉक्शन 8-10 अंशांवर असेल, मग बर्फ जेमतेम वितळेल. थोडं डिकॉक्शन बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवलंत तर उत्तमच, ते वितळलं तरी कॉफीच. साखर मात्र डिकॉक्शन गरम असतानाच विरघळवा, थंडीत ती बसणारच.

प्रतिसाद 3

वरच्या दोघांचंही पटलं. कडूपणाबद्दल माझं मत: वेळ असेल तर गरम पाणी सोडूनच द्या. मी माटुंग्याला राहते, इथे कॉफी समोर दळून मिळते. चिकोरी नसलेली कॉफी जाड रव्यासारखी दळून आणते. 100 ग्रॅम कॉफी, 800 मिली गार पाणी, काचेच्या बरणीत झाकून रात्रभर फ्रीजमध्ये, चौदा तास. सकाळी सुती फडक्यातून गाळायचं. फडकं पिळू नका, गाळ उतरतो आणि चव तुरट होते. चोथा बरंच पाणी धरून ठेवतो, त्यामुळे 600 मिलीच्या आसपास अर्क हाती येतो. एक भाग अर्क, दोन भाग दूध. कडवटपणा फारच कमी.

चिकोरी मला गरम कॉफीत आवडते, दुधात तिचा दाटपणा छान लागतो. पण या पद्धतीत मी ती घालत नाही. ती मुळाची पावडर आहे, पाण्यात चटकन उतरते आणि इतक्या तासांत कॉफीवर कुरघोडी करते.

मूळ प्रश्नकर्ती

तुम्हा तिघांचे मनापासून आभार! काल साय काढून, सकाळचं गार डिकॉक्शन घालून केली. एकही कण नाही, आणि ग्लास संपेपर्यंत चव टिकली. लेकीने दुसरा ग्लास मागितला. आज बरणीही लावली आहे, पावडर जाडसर दळून मिळाली. गाळलेला अर्क किती दिवस टिकेल? ती रविवारी परत जाणार आहे, सोबत बाटली द्यावी म्हणते.

प्रतिसाद 3

दूध न घालता, फ्रीजमध्ये, घट्ट झाकणाच्या बाटलीत मी पाच-सहा दिवस ठेवते. पण नागपूर ते बेंगळुरू रेल्वेच्या उकाड्यात अर्क देऊ नका. त्यापेक्षा जाडसर दळलेली कॉफी आणि फडकं द्या ताई, हॉस्टेलच्या फ्रीजमध्ये ती स्वतः लावेल.