सल्ला हवा: कुटुंबाने उभारलेल्या कंटेनर जहाज कंपनीवर व्याख्यान द्यायचे आहे, कोणती कंपनी निवडावी?

उरणचा वाचक (धागाकर्ता)

सर्व सभासदांना नमस्कार. आमच्या तालुक्यातील एका वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेत मला तासाभराचे व्याख्यान द्यायचे आहे. एखाद्या कुटुंबाने स्थापन केलेल्या आणि पुढे जगभर पसरलेल्या कंटेनर जहाज कंपनीचा इतिहास, असा विषय मी सुचवला आणि तो मान्य झाला. श्रोत्यांपैकी बरेच जण न्हावा-शेवा बंदरात, कंटेनर फ्रेट स्टेशनांत किंवा क्लिअरिंग एजंटांच्या कचेऱ्यांत नोकरी करणारे असतील. कंटेनरवरची नावे त्यांना तोंडपाठ आहेत. पण त्या नावांमागचे कुटुंब कोणते, आणि मालकी इतकी वर्षे एका घरात टिकली ती कशी, याची चर्चा आमच्याकडे फारशी होत नाही.

माझ्यासमोर मर्स्क, एमएससी आणि सीएमए सीजीएम अशी तीन नावे आहेत. तिन्हींचा धावता आढावा घेण्यापेक्षा एकीवरच नीट बोलावे, असा विचार आहे. कोणती निवडावी, आणि तासाभरात कोणत्या टप्प्यांवर रेंगाळावे? भाषण कंपनीच्या गौरवपुस्तिकेसारखे होऊ नये, एवढीच अट आहे.

जुना दर्यावर्दी

मर्स्क निवडावी, असे मी निःसंकोचपणे सुचवतो. तिचा इतिहास शिडाच्या जहाजांपासून आजच्या चारशे मीटर लांबीच्या कंटेनर जहाजांपर्यंत सलग सांगता येतो, आणि त्यातले महत्त्वाचे निर्णय कोणी व कोणत्या परिस्थितीत घेतले याची बरीच नोंद उपलब्ध आहे.

सुरुवात १९०४ सालापासून करू नका, त्याआधीच्या कप्तानापासून करा. पेटर मर्स्क म्योलर यांचा जन्म १८३६ चा. ते शिडाच्या जहाजांवर वाढले आणि १८८० च्या दशकात कुटुंबासह डेन्मार्कमधील स्वेनबोर्ग या बंदराच्या गावी स्थायिक झाले. १८८६ मध्ये त्यांनी ‘लॉरा’ नावाची आगबोट घेतली आणि तिच्या धुराड्यावर निळ्या पट्ट्यात पांढरा सात टोकांचा तारा रंगवला. पत्नी आना आजारातून बरी झाली त्याची आठवण म्हणून हा तारा असल्याचे त्यांनी तिला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. तुमचे श्रोते हाच तारा रोज पाहतात, त्यामुळे ही हकीकत सांगावीच. मात्र तिच्यात दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नये, कारण खरा विषय पुढे आहे.

त्यांचा मुलगा आर्नोल्ड पेटर न्यूकॅसल, क्योनिग्सबर्ग आणि सेंट पीटर्सबर्ग येथे नोकरी करून जहाजभाड्याचा धंदा शिकून आला. १९०४ मध्ये पितापुत्रांनी स्थानिक भागधारकांच्या मदतीने स्वेनबोर्ग आगबोट कंपनी स्थापन केली, आणि तिचे पहिले जहाज वापरलेले, म्हणजे जुनेच होते. मुलाला वेगाने वाढायचे होते, संचालक मंडळाला तितकी घाई नव्हती. म्हणून १९१२ मध्ये त्याने दुसरी कंपनी काढली आणि तिथे सूत्रे आपल्या हाती ठेवली. या दोन कंपन्या तब्बल २००३ पर्यंत कायद्याने वेगळ्या राहिल्या. घर आणि धंदा यांच्यातील ताण दाखवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

पुढे ओडेन्से येथे स्वतःची जहाजबांधणी गोदी, १९२८ मध्ये पहिली तेलवाहू जहाजे, आणि त्याच वर्षी अमेरिकेहून पनामा कालव्यामार्गे अतिपूर्वेकडे नियमित मालवाहतूक, ज्याच्या पहिल्या फेरीत फोर्ड मोटारींचे सुटे भाग होते, हे टप्पे भराभर ओलांडता येतील.

थांबायचे ते १९५६ ते १९७५ या काळापाशी. अमेरिकेतील ट्रक वाहतूकदार माल्कम मॅक्लीन यांनी १९५६ मध्ये ‘आयडियल एक्स’ या जहाजावरून ५८ कंटेनर नेवार्कहून ह्यूस्टनला नेले आणि पुढे सी-लँड ही कंपनी उभी केली. मर्स्कने मात्र कंटेनरची पूर्ण सेवा १९७५ च्या सप्टेंबरमध्ये ‘एड्रियन मर्स्क’ या जहाजाने सुरू केली, म्हणजे एकोणीस वर्षांनी. तोवर मॅक्लीन यांनी १९६९ मध्येच सी-लँड एका तंबाखू कंपनीला विकून टाकली होती, तिचे मालक नंतरही बदलले, आणि १९९९ मध्ये तिचा आंतरराष्ट्रीय व्यवसाय शेवटी मर्स्कनेच विकत घेतला. पहिला येणारा बाहेर पडला आणि उशिरा येणारा टिकला, तो का टिकला, हा प्रश्न व्याख्यानाचा कणा ठरू शकतो. माझे मत असे की डेन्मार्कच्या उत्तर समुद्रातील तेलाचा परवाना १९६२ मध्ये या घराण्याच्या हाती आला, त्यामुळे कंटेनरच्या भांडवलखाऊ धंद्याला दुसऱ्या खिशाचा आधार मिळाला. नुसत्या दूरदृष्टीच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी हा खिसा विसरू नये.

खाडीपलीकडची

दर्यावर्दी काकांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे. परंतु ‘कुटुंबाने स्थापन केलेली’ या अटीला आज सर्वांत काटेकोरपणे उतरते ती एमएससी, असे मला वाटते. जानलुइजी अपोन्ते हे इटलीतील सोरेन्तोच्या परिसरातील दर्यावर्दी कुटुंबातले. त्यांनी १९७० मध्ये ‘पॅट्रिशिया’ नावाचे एक वापरलेले जहाज घेऊन सुरुवात केली, आणि दुसऱ्या जहाजाला पत्नीचे नाव दिले, ‘राफाएला’. मुख्यालय पुढे जिनिव्हाला, म्हणजे ज्या देशाला समुद्रच नाही अशा देशात गेले. जुनी जहाजे स्वस्तात घेऊन चालवण्याची सवय या कंपनीने कधीच सोडली नाही. महासाथीच्या काळात इतर कंपन्या भाड्याची जहाजे शोधत असताना हिने शेकडो वापरलेली जहाजे खरेदी केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये जहाजांवरील एकूण जागेच्या हिशेबात मर्स्कला मागे टाकून पहिला क्रमांक घेतला. आजही ती शेअर बाजारात नाही. श्रोत्यांना जिवंत संस्थापकाची गोष्ट अधिक भावेल, शंभर वर्षांपूर्वीच्या कप्तानाची नव्हे.

हिशेबनीस

खाडीपलीकडच्या ताईंचा मुद्दा रास्त असला तरी त्यात व्याख्यात्याची अडचण दडलेली आहे. एमएससी आपले ताळेबंद प्रसिद्ध करत नाही. तासभर बोलायचे तर मुलाखतींतील आठवणी आणि जहाजांची संख्या यांच्यापलीकडे फारसे हाती लागणार नाही, आणि धागाकर्त्यांना नको असलेली गौरवपुस्तिका नेमकी तिथेच तयार होते. मर्स्कची मूळ कंपनी शेअर बाजारात असल्यामुळे तोटाही लपत नाही.

सीएमए सीजीएमची गोष्ट नाट्यमय आहे. लेबनॉनमधील यादवी युद्धामुळे जाक सादे बैरूत सोडून मार्सेला आले, १९७८ मध्ये एका जहाजानिशी मार्से-बैरूत सेवा सुरू केली, आणि १९९६ मध्ये फ्रान्स सरकारची सीजीएम ही जुनी कंपनी खासगीकरणात पदरात पाडून घेतली. २००९ च्या मंदीत कर्जाने ही कंपनी जवळजवळ बुडाली होती, आणि तुर्कस्तानातील यिल्दिरिम कुटुंबाने पैसे घातले म्हणून सावरली. एका घराण्याला दुसऱ्या घराण्याने तारले, असे क्वचितच घडते. तरीही पिढ्यांचा प्रश्न विचारायचा असेल तर इथे आत्ता कुठे दुसरी पिढी आहे.

सोलापूरकर

परदेशी कंपन्याच का, असे विचारावेसे वाटते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी आदींसह १९१९ मध्ये सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले, आणि तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. मराठी श्रोत्यांसाठी हाच विषय अधिक योग्य नव्हे काय?

जुना दर्यावर्दी

सोलापूरकरसाहेब, सिंधियाबद्दल आदर पूर्ण आहे आणि त्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायलाच हवे. पण ती लढाई होती ब्रिटिश कंपन्यांच्या मक्तेदारीविरुद्ध, भाड्याच्या दरयुद्धाविरुद्ध. कंटेनरच्या युगात ती कंपनी टिकली नाही, त्यामुळे धागाकर्त्यांच्या विषयाचा उत्तरार्ध तिथे मिळणार नाही. तुलनेसाठी एक वाक्य जरूर घ्यावे.

उरणचा वाचक (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. मर्स्ककडे कल झुकला आहे. आता दोन शंका. कंपनी शेअर बाजारात असूनही घराण्याच्या हातात कशी राहिली? आणि आमच्या बंदराशी तिचा धागा व्याख्यानात कुठे जोडावा?

हिशेबनीस

पहिल्या शंकेचे उत्तर असे. आर्नोल्ड पेटर म्योलर यांनी १९५३ मध्ये स्वतःच्या आणि पत्नीच्या नावाने एक सार्वजनिक हिताचा निधी स्थापन केला आणि समभाग त्याच्याकडे वळवले. कंपनीचे समभाग दोन प्रकारचे आहेत, मताधिकार असलेले आणि नसलेले. निधीच्या हातात मताधिकाराचे समभाग अधिक असल्यामुळे निम्म्याहून अधिक मते तिथेच एकवटली आहेत. निधीवर घराण्यातील माणसे प्रभावी असतात, पण त्यांना आपला वाटा विकून मोकळे होता येत नाही, भावंडांत वाटणीही करता येत नाही. आपल्याकडे धाकट्या-थोरल्याच्या वाटणीत चांगले चाललेले कारखाने कसे दुभंगले हे श्रोत्यांना वेगळे सांगावे लागणार नाही, म्हणून या रचनेवर दहा मिनिटे खर्च करावीत. निधीचा पैसा डेन्मार्कमध्ये शाळा, संग्रहालये आणि इतर कामांसाठी खर्च होतो. कोपनहेगनमध्ये २००५ मध्ये खुले झालेले ऑपेरागृह त्याच देणगीतले, आणि संस्थापकाच्या मुलाने त्याच्या दर्शनी भागाच्या रचनेत घातलेल्या हस्तक्षेपावरून वास्तुविशारदाशी झालेला वादही गाजला होता. देणाऱ्याचा हात शेवटपर्यंत सुटत नाही, हेही सांगायला हरकत नाही.

तो मुलगा म्हणजे मर्स्क मॅक-किनी म्योलर. आई अमेरिकेची, म्हणून हे मधले नाव. १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क व्यापला तेव्हा ते अमेरिकेला गेले आणि युद्ध संपेपर्यंत तिकडूनच काम पाहिले. १९६५ मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर सूत्रे हाती घेतली, आणि २०१२ मध्ये ९८ व्या वर्षी निधन होईपर्यंत त्यांचा शब्द वजनदार राहिला. कंटेनरचा निर्णय, सी-लँडची खरेदी, २००५ मधील पी अँड ओ नेडलॉइडची खरेदी ही सर्व त्यांच्याच हयातीतली. पी अँड ओ हे नाव मुंबईत येणाऱ्या टपालबोटींमुळे आपल्या आजोबा-पणजोबांनाही ठाऊक होते, त्यामुळे इथे श्रोते सावरून बसतील. या खरेदीनंतर २००६ मध्ये कंटेनर व्यवसायाला तोटा झाला, तोही सांगावा. त्यांच्या पश्चात धाकटी मुलगी आने आणि नंतर नातू रॉबर्ट मर्स्क उग्ला पुढे आले. रॉबर्ट २०२२ पासून मर्स्कचे अध्यक्ष आहेत. दैनंदिन कारभार मात्र घराण्याबाहेरच्या व्यावसायिक अधिकाऱ्यांकडे असतो.

यार्डवाला

दुसऱ्या शंकेबद्दल लिहितो. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, आणि तिथले गेटवे टर्मिनल २००६ पासून मर्स्क समूहाची टर्मिनल कंपनी आणि आपले भारतीय कंटेनर महामंडळ मिळून चालवत आले आहे. त्यामुळे धागा ओढूनताणून जोडावा लागणार नाही. २७ जून २०१७ हा दिवस घ्या. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या हल्ल्याने मर्स्कची जगभरातील संगणक व्यवस्था कोलमडली, आणि न्हावा-शेव्याच्या त्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. आफ्रिकेतील घाना येथील कार्यालयात वीज गेलेली असल्यामुळे तिथला एक सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता, म्हणून बचावला, आणि त्याच्यावरून सगळी व्यवस्था पुन्हा उभी करता आली. कंपनीने नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात सांगितले होते. ट्रेलरच्या रांगा ज्यांनी त्या आठवड्यात पाहिल्या, असे श्रोते तुमच्या सभागृहात हमखास असतील. त्यांना बोलते करावे.

खाडीपलीकडची

मर्स्कच ठरली असेल तर माझी एक दुरुस्ती ऐकावी. एमएससीला पूर्णपणे वगळू नका. २०१५ पासून दहा वर्षे या दोन कंपन्या मोठ्या सागरी मार्गांवर जहाजे वाटून घेत होत्या, आणि अपोन्ते यांनी २०२० मध्ये घराण्याबाहेरचा पहिला मुख्य कार्यकारी अधिकारी नेमला तो सोरेन टॉफ्ट, मर्स्कमध्येच घडलेला माणूस. एक घराणे निधीच्या आडून राज्य करते, दुसरे उघडपणे मालक आहे, आणि दोघांनाही कारभारासाठी तीच माणसे लागतात, ही तुलना पाच मिनिटांत होईल.

जुना दर्यावर्दी

गौरवपुस्तिका टाळण्याबद्दल एक सूचना राहिली. आर्नोल्ड पेटर म्योलर मशीनगन बनवणाऱ्या डॅनिश कारखान्यातही भागीदार होते, आणि व्यापलेल्या डेन्मार्कमध्ये त्या कारखान्याने काय केले यावर तिकडे गंभीर चर्चा झाली आहे. तसेच ज्या ओडेन्सेच्या गोदीत २००६ चे अतिप्रचंड ‘एम्मा मर्स्क’ बांधले गेले, ती गोदी २०१२ मध्ये बंद झाली, आणि २०१३ मध्ये आलेले अठरा हजार वीस-फुटी कंटेनरांचे जहाज, ज्याला दिवंगत मालकाचेच नाव दिले, ते दक्षिण कोरियात बांधले गेले होते. या दोन गोष्टी वगळून ही कंपनी सांगता येत नाही.

उरणचा वाचक (धागाकर्ता)

आराखडा असा धरतो: कप्तान आणि तारा, १९०४ व १९१२ च्या दोन कंपन्या, कंटेनरकडे उशिरा वळणे आणि तेलाचा आधार, १९५३ चा निधी, पी अँड ओ नेडलॉइड, ओडेन्सेची गोदी, आणि नंतर २०१७ चा जून. शेवटची पंधरा मिनिटे श्रोत्यांसाठी मोकळी ठेवतो. यार्डवाले साहेब, त्या दिवशी आपण सभागृहात येऊ शकाल का? तारीख ठरली की इथेच कळवतो.

यार्डवाला

दुसऱ्या पाळीत नसलो तर नक्की येईन. शक्यतो रविवार ठेवा, नाहीतर निम्मे श्रोते गेटवर असतील.