प्राथमिक शाळेत मुलांकडून बर्न्स पाठ करून घ्यावा का?

ग्लासगोकर
लेक प्रायमरी थ्रीत आहे. नाताळची सुट्टी संपली की दप्तरातून कागद येतो : स्कॉट्स, म्हणजे इंग्रजीच्या जवळच्या, स्कॉटलंडच्या भाषेतली कविता पाठ करा. २५ जानेवारीला स्कॉटलंडचा अठराव्या शतकातला लाडका कवी रॉबर्ट बर्न्सची जयंती, त्या आठवड्यात वर्गात म्हणायची. मग बॅगपाइप, टार्टनचे म्हणजे स्कॉटिश चौकड्यांचे कपडे, जेवणात हॅगिस हा मेंढीच्या काळीज-फुफ्फुसांचा पदार्थ (शाकाहारीसुद्धा), पीटीच्या तासाला ‘केली’ हे इथले लोकनाच. इथल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर यावरून जुंपली आहे : घरी मराठी, शाळेत इंग्रजी, त्यात ही तिसरी कशाला?

माझं म्हणणं, पाठ करून घ्यावंच. यंदा लेकीला ‘टू अ माउस’मधली कडवी आली. नोव्हेंबर १७८५, बर्न्स शेत नांगरतोय, फाळाने उंदराचं घरटं उधळलं जातं आणि हा शेतकरी उंदराची माफी मागतो. पेंढीतलं एखादं कणीस नेलंस तर काय बिघडलं, म्हणतो. सात वर्षांच्या मुलीला हे समजावून सांगावं लागलं नाही. तिने एकच विचारलं, “मग थंडीत तो कुठे गेला?” पोर ज्या मातीत वाढतंय तिथली कविता तिच्या तोंडी बसायलाच हवी.

दोन_पोरांची_आई
दादा, तुमची मुलगी इथेच जन्मली. माझा मुलगा पुण्याहून आला त्याला जेमतेम एक सत्र झालंय. इंग्रजीत पाणी मागतानाही अडखळतो. त्याला अख्ख्या वर्गासमोर उभं करून, घरात कुणालाच न येणारे उच्चार म्हणायला लावायचे, वर परीक्षक आणि क्रमांक! ज्यांचे आजी-आजोबा घरात ही भाषा बोलतात त्यांनाच प्रमाणपत्रं मिळणार. रात्री पोटात दुखतंय म्हणून रडत होता. कविता गोड असेल, पण तो तिला कायमचा घाबरून बसेल.

अ‍ॅबर्डीनचा_काका
माझा विरोध वेगळ्या कारणाने. बर्न्स आयरशायरचा, इकडची बोली डोरिक. तरी दरवर्षी बर्न्सच. आणि गेलिक? हायलँड्स आणि बेटांवरच्या त्या भाषेतही मोठी कविता आहे. रासे बेटावरच्या सोर्ली मॅक्लीनचं नाव किती मुलांच्या कानावर पडतं? २०२५च्या कायद्याने गेलिक आणि स्कॉट्स दोन्हींना अधिकृत दर्जा मिळाला. मग वर्षातला एक आठवडा टार्टन घालून मिरवायचं आणि फेब्रुवारीत तेच शब्द वहीत लिहिले की लाल शाई, हा सन्मान नव्हे, देखावा आहे.

ग्लासगोकर
काका, देखावा म्हणून आठवडाच काढून टाकला तर उरलं काय? माझ्या शेजारच्या आजी सांगतात, वर्गात घरची भाषा तोंडातून निघाली की हातावर चामड्याचा पट्टा बसायचा. १८७२च्या कायद्याने शिक्षण सक्तीचं झालं, त्यात गेलिकला जागाच नव्हती. स्कॉट्स म्हणजे बिघडलेलं इंग्रजी, असं पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या मनावर बिंबवलं गेलं. आज त्याच वर्गात बाई ती भाषा फळ्यावर लिहितात, हे मला फार मोलाचं वाटतं. अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या पोराला शाळेत ‘शुद्ध बोल’ ऐकावं लागतं, ते आठवून पाहा.

डंडीची_मावशी
पाठांतर जरूर असावं, पण माणूस पुरता सांगा. १७८६मध्ये बर्न्स जमैकाला मळ्यावर नोकरीसाठी निघायच्या बेतात होता, आणि तिथे गुलामांकडून काम करून घेत. त्या जुलैत किल्मार्नॉकला त्याच्या पहिल्या संग्रहाच्या ६१२ प्रती छापल्या, पुस्तक गाजलं आणि जाणं राहिलं. प्रायमरी सेव्हनची मुलं हे ऐकण्याइतकी मोठी असतात. शिवाय जोडीला जॅकी के यांच्या कविता द्या. वडील नायजेरियन, आई स्कॉटिश, आणि देशाच्या मकार, म्हणजे राष्ट्रकवी होत्या. आपल्या पोरांना त्या जवळच्या वाटतील.

दोन_पोरांची_आई
जॅकी के यांचं पटलं. पण माझा मुद्दा तिथेच आहे. आजींना पट्टा मारून भाषा सोडायला लावली, ते वाईटच. म्हणून माझ्या मुलाला जबरदस्तीने धरायला लावणं चांगलं कसं? चार मुलांच्या गटात म्हणू द्या, नाहीतर नुसतं ऐकू द्या. वाटलं तर त्याला येणारी मराठी कविता म्हणू द्या.

ग्लासगोकर
ताई, गटात म्हणणं मान्य. नुसतं ऐकणं नाही. तोंडाने म्हटल्याशिवाय कवितेचा ठेका कळत नाही, आणि गटात चुकलं तरी झाकून जातं. मराठी कविता जोडीला म्हणू दे, तिच्या बदल्यात नको.

दोन_पोरांची_आई
मग क्रमांक आणि प्रमाणपत्रंही काढायला सांगा. पालकसभेत तुम्ही मांडा, मी शेजारी उभी राहीन. सक्ती राहिली तर मात्र त्या दिवशी मुलाला घरी ठेवणार, हे आत्ताच सांगते.