ब्लॅक स्टार लाइन : फसवणूक की फसलेला धंदा?

जिज्ञासू : जमैकात जन्मलेले, अमेरिकेत काम करणारे कृष्णवर्णीय नेते मार्कस गार्वी यांच्या ब्लॅक स्टार लाइन या जहाज कंपनीविषयी वाचताना गोंधळ उडाला आहे. जून १९१९ मध्ये नोंदवलेली आणि कृष्णवर्णीयांनाच पाच-पाच डॉलरचे समभाग विकणारी ही कंपनी तीन वर्षांच्या आत आटोपली, आणि १९२३ मध्ये टपालाद्वारे फसवणूक केल्याबद्दल गार्वींना शिक्षा झाली. ती मुळातच लोकांना गंडवण्यासाठी काढली होती, की धंदा न जमल्यामुळे बुडाली?

गोदीकर : बुडाली ती जहाजांपायी. पहिले जहाज ‘यार्मथ’ १८८७ सालचे, म्हणजे खुद्द गार्वींच्याच वयाचे. महायुद्धात कोळसा वाहून खिळखिळे झालेले हे धूड कंपनीने १,६५,००० डॉलरना घेतले, आणि ज्या कप्तान कॉकबर्न यांच्या भरवशावर घेतले त्यांनीच दलालीत आपला वाटा काढला. जानेवारी १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी लागू होण्याआधी व्हिस्कीची खेप क्यूबाला नेण्याचे काम घाईने पत्करले. पण न्यूयॉर्क सोडते न सोडते तोच जहाजात पाणी शिरू लागले, काही पेट्या समुद्रात फेकाव्या लागल्या, तर काही बाटल्या खलाशांनीच रिचवल्या. पुढे एकदा जहाजात नारळ भरलेले असताना ते प्रचारासाठी बंदरोबंदरी मिरवले गेले, आणि तोवर नारळ कुजले. १९२१ मध्ये ‘यार्मथ’ भंगारात निघाले तेव्हा हाती आले १,६२५ डॉलर. ‘कनावा’ या वाफेच्या नौकेचा बॉयलर फुटला आणि ती अखेर क्यूबातच सोडून द्यावी लागली. ‘शेडीसाइड’ तर हडसन नदीतली सहलीची बोट. तिच्याविषयी न लिहिलेलेच बरे.

दफ्तरी : हे खरे असले तरी खटला जहाजांच्या दुरवस्थेवर नव्हता. ‘ओरायन’ हे जहाज घेण्याचा व्यवहार पुरा होण्याआधीच कंपनीने माहितीपत्रकात त्याचे ठरवलेले नवे नाव, ‘फिलिस व्हीटली’, रंगवलेल्या जहाजाचे चित्र छापले. ताब्यात नसलेले जहाज दाखवून समभाग विकणे याला मी भाबडेपणा म्हणणार नाही. मात्र असा मजकूर टपालाने पाठवल्याचा पुरावा म्हणून पुढे आला तो एका समभागधारकाच्या नावचा रिकामा लिफाफा, आणि त्यातून काय आले होते हे त्यालाही आठवेना. चौघा आरोपींपैकी तिघे सुटले. एकट्या गार्वींना पाच वर्षे झाली. अमेरिकेच्या न्याय खात्यातले अधिकारी जे. एडगर हूवर तर १९१९ पासूनच त्यांच्या हद्दपारीसाठी निमित्त शोधत होते.

जिज्ञासू : म्हणजे समभाग घेणाऱ्यांच्या हाती काहीच लागले नाही?

गोदीकर : पैशांच्या रूपाने नाही. पण इतर कंपन्या वर्णभेदापायी नाकारत असलेले अधिकारपद इथे कृष्णवर्णीय खलाशांना मिळाले. ‘यार्मथ’वरचे कृष्णवर्णीय अधिकारी ह्यू मुलझॅक यांच्याकडे कप्तानाचा परवाना होता, तरीही कंपनी बुडाल्यावर त्यांना वीस वर्षे बहुतेक जहाजांवर स्वयंपाकघरातच काम करावे लागले. ‘बुकर टी. वॉशिंग्टन’ या मालवाहू जहाजाची सूत्रे त्यांच्या हाती आली ती १९४२ मध्ये.