नमाज आणि पुनरावृत्ती

रोज पाच वेळा तेच शब्द उच्चारल्याने नमाज केवळ सवय बनते, हा आक्षेप मला अंशतः मान्य आहे. मन इतरत्र भटकत असताना केलेले रुकू (कमरेत वाकणे) आणि सिजदे (कपाळ जमिनीला टेकवणे) ही निव्वळ हालचाल उरते, आणि म्हणूनच ‘खुशू’ला, म्हणजे अंतःकरणाच्या नम्र एकाग्रतेला, इस्लामी परंपरेत इतके महत्त्व आहे. मात्र पुनरावृत्तीला दुसरी बाजूही आहे. पहाटेच्या फजरच्या 2, दुपारच्या जोहर आणि दुपारनंतरच्या असरच्या प्रत्येकी 4, सूर्यास्तानंतरच्या मगरिबच्या 3 आणि रात्रीच्या इशाच्या 4 अशा 17 फर्ज (अनिवार्य) रकाती, म्हणजे नमाजेची आवर्तने, एकट्याने पढणारा माणूस प्रत्येक रकातीत सूरह फातिहा, म्हणजे कुराणाचा पहिला अध्याय, म्हणतो; म्हणजेच त्यातली सरळ मार्ग दाखवण्याची याचना दिवसातून किमान 17 वेळा करतो.

या सरावाचे मोल मला रत्नागिरीकडे राहणाऱ्या माझ्या नानीच्या अखेरच्या आजारपणात उमगले. आजाऱ्याला बसून, तेही न जमल्यास पडून आणि खुणेने नमाज पढण्याची, तसेच पाणी अपायकारक असेल तर वजूऐवजी (नमाजेपूर्वी पाण्याने हात-तोंड-पाय धुण्याऐवजी) तयम्मुम (कोरड्या मातीने शुद्धी) करण्याची मुभा आहे. ती ताटलीतल्या कोरड्या मातीवर हात टेकवून तोंडावरून आणि हातांवरून फिरवी. नातवंडांची नावे तिच्या स्मरणातून गेली होती, पण अजान कानी पडताच तिचे ओठ हलू लागत, फातिहाच्या सातही आयती (वचने) क्रमाने येत आणि दिवसभर अस्वस्थ असलेला तिचा चेहरा तेवढा वेळ अगदी निवांत दिसे.