पंपाची काच आणि गंज

जुन्या पेट्रोल पंपाच्या मॉडेलमध्ये वरचा काचेचा सिलिंडर कशाचा करावा, असं विचारलंय. पारदर्शक ॲक्रिलिकची नळी घ्या. १९२०च्या दशकातल्या त्या अमेरिकी पंपांत दांडा मारून पेट्रोल वर चढवायचे, गिऱ्हाईक काचेतून माप बघायचं, मग पेट्रोल आपल्या वजनानेच गाडीत उतरायचं. १:२४ प्रमाणात आठ फुटी पंप जेमतेम १० सेंटिमीटरचा होतो, त्यामुळे नळीवरचा डाग लगेच डोळ्यात खुपतो. सुपरग्लू टाळाच, त्याच्या वाफेने नळी पांढुरकी पडते (माझ्या दोन गेल्या!). साधा पांढरा फेव्हिकॉल बरा. पंप गंजलेला दाखवायला आधी तपकिरी रंग, वर हेअरस्प्रे, त्यावर लाल ॲक्रिलिक रंग; ओल्या ब्रशने घासलं की पोपडे निघतात. फक्त बुडाशी आणि दांड्याजवळ घासा, नाहीतर पंपाचं भंगार दिसेल.